रात्री दोन वाजता श्वास कोण मोजतं?

नाशिकला गंगापूर रोड भागात राहणाऱ्या, चाळिशीतल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. त्या नोकरी करतात. घरात पती, नऊ वर्षांची मुलगी आणि दम्याचा त्रास असलेल्या सासूबाई. सासरे निफाड तालुक्यात द्राक्षबाग बघतात, येऊन-जाऊन असतात. सहा वर्षांपूर्वी मळ्यातूनच कुत्र्याचं एक गावठी पिल्लू या घरात आलं. त्याला आपण इथे राजा म्हणू.

पावसाळ्यात राजाला गोचीड ताप येऊन गेला. दिवाळीनंतर खोकला सुरू झाला. एका दवाखान्यात ॲलर्जी समजून तीन आठवडे स्टिरॉइडच्या गोळ्या दिल्या गेल्या. खोकला वाढला, वजन उतरलं, श्वास लागू लागला. दुसऱ्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला, फुफ्फुसातला स्राव तपासायला पाठवला. त्यात ॲस्परजिलस ही बुरशी निघाली. चार दिवस ऑक्सिजनवर राहून राजा घरी आला. इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूल सुरू होऊन तीन आठवडे झालेत, अजून किमान सहा महिने लागतील असं डॉक्टर म्हणतात. राजा सध्या अर्धं ताट खातो. आत्तापर्यंत 38 हजार रुपये गेले, पुढे महिन्याला पाच-सहा हजार जातील.

ताई लिहितात, “हे म्हणतात, किती हाल करणार आहेस त्याचे, मोकळं कर त्याला. सासूबाईंना भीती आहे की हा आजार त्यांना आणि मुलीला लागेल. मी रात्री दोन-दोनदा उठून त्याचा श्वास मोजते. यांच्या हातून कॅप्सूल पडते, म्हणून औषधही मीच देते. उन्हाळ्यात गावी गेलो की मीच त्याला कांदाचाळीत बांधायचे, सावली असते म्हणून. तिथेच त्याला हे झालं असणार. मी आता राजाला वाचवतेय, की स्वतःच्या मनाची टोचणी घालवतेय? द्राक्षात चीर पाडून कॅप्सूल घातली की तो पटकन खातो, दिवसभरात तेवढंच काय ते समाधान.”

प्रिय ताई,

बाकी सगळं सावकाश बोलू. आधी एक गोष्ट आजच्या आज करा. द्राक्ष बंद करा आणि डॉक्टरांना फोन करून सांगा की गेले काही दिवस राजाच्या पोटात द्राक्षं जात होती. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्यांच्या मूत्रपिंडाला घातक असतात. एखाद्या कुत्र्याला मूठभर खाऊनही काही होत नाही आणि एखाद्याचं मूत्रपिंड थोडक्यावरच बंद पडतं. द्राक्षातलं टार्टारिक आम्ल त्याला कारण असावं असं अलीकडे मानलं जातं. राजाला उलट्या झाल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही, ही चांगली खूण आहे, पण तेवढ्यावर थांबू नका. इट्राकोनॅझोल चालू आहे म्हणून यकृतासाठी त्याचं रक्त तपासायचंच आहे, त्यातच क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम दाखवणारा आकडाही बघून घ्यायला सांगा.

हे वाचून तुम्ही लगेच स्वतःला दोष द्यायला बसाल, म्हणून सांगते. आपल्या भागात मळ्यावरची कुत्री गळालेले मणी खाताना सगळ्यांनी पाहिलेली असतात. हे विष आहे असं कुणाच्या डोक्यातच येत नाही. ज्यांच्या घरी कुत्रा आहे त्या प्रत्येक नाशिककराने हे ऐकायला हवं, म्हणून मी ते सगळ्यात वर लिहिलं. कांद्याचंही तसंच. कांदा-लसूण घातलेला रस्सा भाकरीवर ओतून देण्याची आपल्याकडे पद्धत आहे. कांद्याने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. आजारी कुत्र्याला तर तो वासालाही नको.

आता तुमच्या टोचणीबद्दल. कांदाचाळीत बुरशी असते, यात शंका नाही. कांद्यावर जी काळी काजळी धरते तीसुद्धा ॲस्परजिलसच्याच कुळातली. पण ही बुरशी तुमच्या चाळीत कोंडून राहिलेली नाही. कुजणारा पाला, शेणखताचा ढीग, जुनं गवत, कुंडीतली माती, कूलरचं ओलं गवत, सगळीकडे ती असते. तिचे सूक्ष्म कण तुम्ही, मी, तुमची मुलगी रोज श्वासाबरोबर आत घेतो आणि शरीर ते निपटून टाकतं. राजाचं शरीर निपटू शकलं नाही, आणि त्याची कारणं तुमच्याच पत्रात दिसतात. गोचीड तापाने प्रतिकारशक्ती खालावते. त्यावर तीन आठवडे स्टिरॉइड म्हणजे उरलेला पहारेकरीही झोपवण्यासारखं झालं. तरीही त्या पहिल्या डॉक्टरांवर मी राग धरणार नाही. खोकणाऱ्या कुत्र्यांमध्ये फुफ्फुसात बुरशी निघणारी फार थोडी, आणि पहिला संशय तिथे जात नाही. एवढं मात्र इतर वाचकांना सांगेन, की खोकला दोन आठवडे हटत नसेल आणि वजन उतरत असेल, तर स्टिरॉइडची पुढची पट्टी आणण्याआधी छातीचा एक्स-रे मागा.

तुम्ही त्याला सावलीत बांधलं होतं. निफाडच्या मे महिन्यात जनावराला सावलीत बांधणाऱ्या बाईने स्वतःला आरोपी करू नये, असं मला मनापासून वाटतं.

सासूबाईंची भीती वाजवी आहे, ती उडवून लावू नका. त्यांच्या समोर बसून नीट सांगा. फुफ्फुसातली ही बुरशी कुत्र्याच्या खोकल्यातून माणसाला लागत नाही. राजाला ती जिथून मिळाली तिथून, म्हणजे माती आणि हवेतूनच ती कुणालाही मिळू शकते. पण दमा असलेल्या माणसाला ॲस्परजिलसचा वेगळा त्रास होऊ शकतो हेही खरं आहे. म्हणून चाळीतली झाडलोट, शेणखत कालवणं आणि कूलरचं गवत बदलणं ही कामं सासूबाईंनी करू नयेत, आणि हे राजा घरात नसता तरी मी सांगितलं असतं. राजाच्या अंगावर कुठे वाहणारी जखम झाली तर हातमोजे घालून ती पुसा. त्याचं अंथरूण गरम पाण्यात धुवा. घरातलं कुणी केमोथेरपी घेत असेल किंवा प्रत्यारोपणाची औषधं घेत असेल, तर मात्र त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारावं. हे इतर वाचकांसाठी.

मग येतो तुमचा खरा प्रश्न, राजाला मोकळं करायचं का. मी पशुवैद्य नाही. औषधोपचाराचं जे इथे लिहिते आहे ते सगळं पशुवैद्य सांगतात तेच आहे, आणि राजाला हात लावून तपासणाऱ्या डॉक्टरांचा शब्द माझ्यापेक्षा वरचा. पण तुमच्या प्रश्नात एक गृहीतक आहे, त्याबद्दल मला बोलायचं आहे. हा निर्णय आत्ता, एकदाच आणि कायमचा घ्यायचा आहे असं तुम्ही सगळे धरून चालला आहात. यजमान म्हणतात, सोडून दे. तुम्ही म्हणता, सहा महिने झुंजेन. दोघेही न पाहिलेल्या सहा महिन्यांबद्दल भांडताय. बुरशीवरची औषधं हळू चालतात. तीन आठवड्यांत खोकला थोडा कमी, भूक निम्म्यावर, एवढंच दिसणं स्वाभाविक आहे. सुरुवातीच्या दिवसांत तर बुरशी मरू लागल्यावर फुफ्फुसातली सूज वाढून त्रास वाढल्यासारखा दिसतो. ते दिवस राजाने ऑक्सिजनवर काढले. त्या वेळी पाहिलेला राजा यजमानांच्या डोळ्यांसमोरून अजून गेलेला नसेल.

सहा महिन्यांचं वचन देऊ नका. पुढच्या एक्स-रेपर्यंतचं द्या. महिनाभराच्या औषधानंतरचा एक्स-रे आधीच्या शेजारी ठेवून डॉक्टरांना विचारा की डाग कमी झालेत का. आणि त्याच भेटीत आणखी एक गोष्ट विचारा, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: बुरशी फुफ्फुसापुरतीच आहे, की शरीरात पसरली आहे? ॲस्परजिलस मणक्यात, मूत्रपिंडात, डोळ्यात जाऊ शकते. त्यासाठी लघवीची तपासणी, पाठीचा एक्स-रे, डोळ्यांची तपासणी करतात. राजा उठताना कण्हतो का, मागचे पाय ओढतो का, डोळा लाल किंवा धुरकट दिसतो का, हे तुम्हीही बघा. खरं तेच लिहिते. पसरलेली असेल तर आशा फार कमी असते आणि तेव्हा यजमानांचं म्हणणं वेगळ्या कानांनी ऐकावं लागेल. फुफ्फुसापुरती असेल आणि औषध लागू पडत असेल, तर बरी होणारी कुत्री असतात. तुमच्या पत्रात याचा उल्लेखच नाही, आणि त्यावाचून तुमच्या घरातला कुणीच बरोबर ठरू शकत नाही. आणखी एक मत घ्यावंसं वाटलं तर परळला मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, 1886 सालापासूनचं, आणि त्याला लागूनच बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय. आधी फक्त एक्स-रे आणि रिपोर्ट घेऊन कुणीतरी जाऊन या. धापा टाकणाऱ्या कुत्र्याला कसाऱ्याच्या घाटातून नेण्याची घाई करू नका.

औषधाबद्दल काही बारकावे, जे चिठ्ठीवर लिहिलेले नसतात. इट्राकोनॅझोलची कॅप्सूल भरल्या पोटी, थोड्या स्निग्ध खाण्याबरोबर द्यायची, तरच ती अंगी लागते. ॲसिडिटीची गोळी बरोबर दिली तर तिचा परिणाम घटतो. राजाला पोटासाठी काही चालू असेल तर डॉक्टरांना आठवण करा. दुकानदार म्हणेल, हे महाग आहे, फ्लुकोनॅझोल घ्या, तेही बुरशीचंच. ते घेऊ नका, ॲस्परजिलसवर ते चालत नाही. स्वस्त कंपनीची इट्राकोनॅझोल घ्यायलाही डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नका, कारण हे औषध किती शोषलं जातं ते त्याच्या बनावटीवर ठरतं. जनऔषधी केंद्रात चौकशी जरूर करा, पण पट्टीचा फोटो डॉक्टरांना पाठवून मगच सुरू करा.

कॅप्सूल कशात द्यायची? उकडलेल्या अंड्याच्या बलकात, पनीरच्या तुकड्यात, तूप लावून मळलेल्या भाकरीच्या गोळीत, चिकनच्या कलेजीत. आधी एक रिकामी गोळी, मग औषधाची, मागोमाग लगेच तिसरी रिकामी. तिसरीच्या आशेने दुसरी चावायची राहून जाते.

या औषधाचा भार यकृतावर येतो. त्याची पहिली खूण म्हणजे अन्नावरची वासना जाणं. म्हणून ताट बघत राहा. एक पूर्ण दिवस काही खाल्लं नाही, उलट्या झाल्या, हिरड्या किंवा डोळे पिवळे दिसले, पाय सुजले किंवा कातडीवर जखमा उठल्या, तर फोन करा. अशा वेळी डॉक्टर बहुधा काही दिवस औषध थांबवून कमी मात्रेत पुन्हा सुरू करतात. म्हणजे “खात नाही, आता संपलं” असं वाटेल तेव्हा कदाचित फक्त मात्रा बदलायची असेल. आपल्या मनाने बंद मात्र करू नका. बरं वाटतंय म्हणूनही नाही. एक्स-रे स्वच्छ आल्यावरसुद्धा औषध पुढे काही काळ चालतं, आणि मध्येच सोडलं तर बुरशी पुन्हा डोकं वर काढते. गोचिडांसाठी नवीन गोळी किंवा इंजेक्शन देण्याआधीही या औषधाचं नाव सांगा. माणसांची तापाची, अंगदुखीची गोळी किंवा खोकल्याचं सिरप नको. त्याला खोकू द्यायचं आहे, कफ बाहेर यायला हवा.

घरात धूप, उदबत्ती, डासांची कॉइल बंद. मिरचीची फोडणी देताना स्वयंपाकघराचं दार लावून घ्या. गळ्यातला पट्टा काढा, छातीवरून बांधायचा पट्टा आणा. डॉक्टरांनी सलाईनची वाफ दिली असेल तर त्यानंतर ओंजळीसारखा हात करून बरगड्यांवर दोन्ही बाजूंनी पाच मिनिटं हलकेच थापटा, पण हे आधी त्यांच्याकडून शिकून घ्या. जानेवारीची थंडी आहे, खाली जुनी गोधडी घाला. मळ्यातलं धुळकट गोणपाट नको.

आणि आता तुमच्या पत्रातल्या त्या वाक्याकडे येते, ज्यावर मी सगळ्यात जास्त वेळ थांबले. “यांच्या हातून कॅप्सूल पडते, म्हणून औषधही मीच देते.”

माझ्याकडे बारा वर्षं एक कुत्री होती. शेवटच्या वर्षी तिची मूत्रपिंडं गेली. कातडीखाली सलाईन द्यावं लागायचं. माझा धाकटा भाऊ म्हणाला, मला शिकव, एक दिवसाआड मी देतो. मी म्हटलं, तुला नाही जमणार, तिला दुखेल. तो पुन्हा कधी बोलला नाही. ती गेल्यावर तो माझ्यापेक्षा जास्त रडला, आणि मला तेव्हा कळलं की मी तिच्याजवळची त्याची जागा घेऊन टाकली होती. त्याचं वाईट मला आजही वाटतं.

तुमचे यजमान “मोकळं कर” म्हणतात तेव्हा ते कुणाचे हाल बघून म्हणतात, हे तुम्ही त्यांना विचारलंय का? कदाचित राजाचे. कदाचित तीन आठवडे न झोपलेल्या त्यांच्या बायकोचे. राजाला बरं करण्याच्या कामात त्यांना वाटा नाही, म्हणून त्यांच्याकडे फक्त मत उरलं आहे. सासूबाईंकडे भीती उरली आहे. मुलीकडे काय उरलंय ते तुम्ही लिहिलेलंच नाही.

कामं वाटा. कॅप्सूल पडली तर पडू दे, उचलून पुन्हा देतील. रात्रीचा श्वास एक दिवसाआड त्यांनी मोजावा. मुलीलाही शिकवा. राजा गाढ झोपला असताना अर्धा मिनिट घड्याळ लावून पोटाची वर-खाली मोजायची आणि दुप्पट करायची. झोपेत मिनिटाला 30 च्या आत असेल तर बरं. 40 च्या वर जायला लागला, मान ताणून, कोपरं फाकवून बसून श्वास घेऊ लागला, तर डॉक्टरांना फोन. हिरड्या निळ्या-करड्या दिसल्या तर फोनसुद्धा वाटेतच करायचा, गाडी काढायची. मुलीने विचारलं की राजा मरणार का, तर “माहीत नाही, डॉक्टर आणि आपण सगळे प्रयत्न करतोय” एवढं खरं उत्तर द्या. नऊ वर्षांच्या मुलीला ते पेलतं. तिच्यापासून लपवून कुजबुजणं तिला पेलत नाही.

आणि सासरे. ताई, तुमच्या घरात बुरशीशी जन्मभर झुंजलेला एक माणूस आहे आणि त्याला कुणी विचारलेलंच दिसत नाही! भुरी, डावणी, करपा या द्राक्षांवरच्या रोगांशी झुंजण्यात त्यांचं सगळं आयुष्य गेलं असेल. औषध वेळेवर, मात्रेत आणि पुरेसे दिवस द्यावं लागतं, एक फेरी चुकली की रोग परत येतो, हे त्यांना कुणी समजावून सांगायला नको. बागेवर फवारतात त्यातली बरीच औषधं तर राजाच्या औषधाच्याच ॲझोल कुळातली. द्राक्ष बाहेर पाठवणारे बागायतदार फवारणीची वही ठेवतात, कोणत्या तारखेला काय, किती. तशी राजाची वही त्यांच्याकडे द्या. औषधाची वेळ, खाणं, रात्रीचा श्वास, आठवड्याचं वजन. गावी असले तर फोनवर विचारून लिहितील. डॉक्टरांना त्या वहीचा जितका उपयोग होईल तितका कुणाच्याच आठवणीचा होणार नाही.

पैशांचंही यजमानांसोबत बसून ठरवा. पुढच्या एक्स-रेपर्यंत किती, आणि पुन्हा ऑक्सिजनवर ठेवायची वेळ आली तर किती, हे दोन आकडे कागदावर लिहा. हे निष्ठुर वाटतं, मला माहीत आहे. पण दवाखान्याच्या काउंटरवर उभं राहून हा आकडा ठरवणं जास्त निष्ठुर असतं. घराच्या ऐपतीला मर्यादा असणं म्हणजे प्रेमाला मर्यादा असणं नव्हे, हे मी तुम्हाला आणि अशाच पेचात असलेल्या प्रत्येकाला सांगेन. खासगीतला खर्च झेपेनासा झाला तर जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात रक्त आणि एक्स-रेची काय सोय होते ते विचारून या.

मोकळं करण्याची वेळ कशी ओळखायची, हेही टाळत नाही. राजाला आवडणाऱ्या चार गोष्टी सगळ्यांनी मिळून लिहा. गाडीचा आवाज ऐकून दाराशी येणं, मुलीच्या पलंगाखाली झोपणं, सकाळी अंगणातल्या उन्हात पसरणं, जे काही असेल ते. रोज रात्री भिंतीवरच्या कॅलेंडरवर एक खूण करा. त्यातलं काही त्याने केलं तर बरोबरची, काहीच नाही केलं तर फुली. फुल्या बरोबरच्या खुणांपेक्षा जास्त होऊ लागल्या, आडवं पडून त्याला झोप येईनाशी झाली, औषध बदलूनही श्वास सुधारला नाही, तर डॉक्टरांना सरळ विचारा की आता त्याच्या वाट्याला काय उरलं आहे. तेव्हा शांतपणे झोपवणं हा राजाला दिलेला शब्द मोडणं होणार नाही. त्या वेळी यजमान बरोबर असू द्या. मात्र आज, तीन आठवड्यांत, अर्धं ताट खाणारा कुत्रा त्या टप्प्यावर आहे असं मला तुमच्या पत्रातून दिसत नाही.

तुम्ही विचारलंत, राजाला वाचवतेय की मनाची टोचणी घालवतेय. दोन्ही असेल. टोचणीपायी उठलेल्या बाईच्या हातूनही कॅप्सूल तितक्याच वेळेवर दिली जाते. फक्त आज रात्री दोन वाजता यजमानांना उठवा आणि तुम्ही झोपा.

एक्स-रे झाला की दोन ओळी पाठवा. त्या दिवशी राजाने काय खाल्लं, तेही लिहा.